उचलून नेता येणारा ऑसिलोस्कोप: टेक्ट्रॉनिक्स ४६५

बंगळूरूतल्या आमच्या प्रयोगशाळेची भंगार यादी करताना टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा जुना ऑसिलोस्कोप तीत आला. शेरा होता ‘कालबाह्य’. शेरा चूक नाही. तरी सही करण्याआधी मी त्याचे झाकण काढले. तुम्हीही आत डोकावून पाहा.

१९५० च्या दशकातले चांगले स्कोप व्हॅक्यूम ट्यूबवर चालत. त्याच कंपनीचा ५४५ सुमारे ३० किलोचा होता आणि ढकलगाडीवरून फिरे. पुढे संगणक ग्राहकांच्या इमारतींत जाऊन बसले. ते बिघडले की उचलून आणणे शक्य नसे, स्कोपच तिथे न्यावा लागे. आयबीएमच्या दुरुस्ती तंत्रज्ञांची ही गरज ओळखून १९६५ मध्ये ५० मेगाहर्ट्‌झचा ४५३ निघाला. १९७२ च्या ४६५ ने १०० मेगाहर्ट्‌झ गाठले, वजन ११ किलोच्या आसपास. त्या काळात याच शहरात, पीण्या औद्योगिक वसाहतीत, १९७५ साली सुटलेल्या आर्यभट उपग्रहाची तयारी चालली होती, यावरून यंत्राचे वय लक्षात यावे.

पेटी लहान म्हणजे नळीही आखूड. वेगवान स्वीपमध्ये रेघ फिकी पडू नये म्हणून इलेक्ट्रॉनांना विक्षेपणानंतर आणखी वेग देतात. ४६५ मध्ये एकूण सुमारे १८ किलोव्होल्ट. (बंद केल्यावरही तिथे प्रभार शिल्लक राहतो. जाणकार शेजारी नसेल तर हात घालू नका.) मधली घुमटाकार जाळी हे उच्च क्षेत्र विक्षेपण पट्ट्यांपासून दूर ठेवते, त्यामुळे संवेदनशीलता घटत नाही.

खरी गंमत डिले लाइनची आहे. संकेताने ठरलेली पातळी ओलांडली की ट्रिगर होतो, मग स्वीप सुरू होतो. यात काही दशक नॅनोसेकंद जातात. ४६५ चा राइज टाइम मात्र ३.५ नॅनोसेकंद. म्हणजे जी कडा पाहायची, तीच स्वीप सुरू होण्याआधी निघून जाणार! म्हणून ट्रिगरसाठी संकेताचा एक भाग आधीच काढून घेतात आणि उरलेला शंभराहून अधिक नॅनोसेकंद अडवून धरतात. साध्या केबलमध्ये संकेत नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो, तेव्हा एवढ्या विलंबाला २० मीटरपेक्षा जास्त केबल लागेल. सर्पिल गुंडाळलेल्या तारांच्या खास केबलमध्ये इंडक्टन्स वाढतो, वेग घटतो आणि कमी लांबीत काम भागते.

डिजिटल स्कोप नमुने सतत मेमरीत लिहीत असतो, म्हणून ट्रिगरपूर्वीचा भाग तो सहज दाखवतो. आमची मुले त्या बटणाला गृहीत धरतात. ४६५ मध्ये मेमरी नाही. केबलमधून वाहत असलेला संकेत हीच त्याची क्षणभराची आठवण.

यादीतून मी ते नाव खोडले आहे. पुढच्या सत्रात विद्यार्थी त्याला पल्स देऊन चढती कडा मोजतील, आणि तीच कडा डिजिटल स्कोपवरही.