हप्त्यांचा व्यवहार : जुना आणि नवा



उसनवारी ही मनुष्याच्या व्यवहारांत फार पुरातन आहे; परंतु वस्तु आधीं घरीं आणावी, तिचा उपयोग सुरू करावा, आणि तिची किंमत मात्र महिन्याच्या महिन्याला थोडथोडी फेडावी, ही रीत त्या मानानें अगदीं अलीकडची होय. आज आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत जुन्या मोटारगाड्यांची खरेदी सर्रास याच रीतीनें होते. गाडी विकणारा दुकानदारच कर्जाची सोय लावून देतो, आणि घेणारा 'महिन्याला किती?' एवढाच प्रश्न विचारून सही करितो. या एका प्रश्नामागें केवढा इतिहास आहे, आणि त्या इतिहासापासून आज गाडी घेणारास कोणता बोध होण्यासारखा आहे, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करूं. चंद्रपुराला पूर्वीं चांदा म्हणत. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि चांदा हा त्याचा एक जिल्हा बनला. गडचिरोली हा निराळा जिल्हा व्हावयास २६ ऑगस्ट १९८२ हा दिवस उजाडावा लागला. या मुलखाच्या पूर्वभागांत तलावांच्या पाण्यावर धानाची शेती चाले. मृग लागला आणि कोठींत बियाणें उरलेलें नसलें, म्हणजे शेतकरी सावकाराच्या दारीं जाई. चार खंडी धान घेतलें तर पीक निघाल्यावर पांच खंडी परत करावें, ही सवाई. आणि चार खंडींच्या जागीं सहा खंडी द्यावें, ही दिढी. ही चाल एकट्या चांद्याची नव्हे. साऱ्या मध्यप्रांतांत ती रूढ होती.

आतां सवाई म्हणजे शेकडा २५ व्याज असें कोणीही सहज म्हणेल. पण धान घेतलें जूनमध्यें आणि फेडलें डिसेंबरांत. म्हणजे हें व्याज वर्षाचें नसून अवघ्या सहा महिन्यांचें झालें. वर्षाच्या मानानें हिशेब केला तर सवाईचा दर शेकडा ५० आणि दिढीचा शेकडा १०० पडतो. सावकार खोटें बोलत नसे. तो फक्त काळाचें नांव काढीत नसे. व्याजाच्या गणितांत रक्कम सांगावयाची आणि काळ झांकून ठेवावयाचा, ही युक्ति आपण लक्षांत ठेवूं. कारण दीडशें वर्षांनंतर ती मोटारीच्या दुकानांत पुन्हां आपल्या भेटीस येणार आहे.

तिकडे मुंबई इलाख्यांत या प्रकाराचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला, आणि तो भोंवतालच्या गांवांत व नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या देहावर किंवा दागिन्यांवर नव्हता. तो रोख्यांवर होता. जेथें कर्जरोखे हातीं लागले तेथें त्यांनीं ते जाळले. निरक्षर माणसाला ज्या कागदानें बांधलें होतें, तो कागदच त्याला आपला वैरी वाटला.

सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक अशी कीं, रोख्यावर काय लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां मूळ व्यवहार काय झाला, हातीं प्रत्यक्ष किती पैसे पडले, हें न्यायाधीशानें खोदून पाहावें. दुसरी अशी कीं, सावकारानें ऋणकोस पावती द्यावी, आणि तो मागेल तेव्हां हिशेबही द्यावा. कर्ज घेणारास हिशेब मागण्याचा हक्क आहे, हें तत्त्व आपल्या इकडे कायद्याच्या पुस्तकांत असें शिरलें.

आपल्या मध्यप्रांतांत हें पाऊल पुढें पडावयास मंदीचा काळ यावा लागला. १९३० च्या सुमारास धान्याचे भाव कोसळले, कर्जें मात्र जशींच्या तशीं राहिलीं. तेव्हां १९३३ सालीं कर्जतडजोडीचा कायदा झाला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढें बसवून समेट घडवून आणावा, अशी त्याची योजना होती. पंजाब, बंगाल व मद्रास येथें त्यानंतर याच धर्तीचे कायदे झाले. पाठोपाठ १९३४ सालीं मध्यप्रांताचा सावकारीचा कायदा आला व सावकारावर हिशेब ठेवण्याची व तो ऋणकोस देण्याची जबाबदारी पडली.

हें झालें शेतीच्या कर्जाचें. वस्तूंच्या हप्तेबंदीचा उगम मात्र परदेशांत आहे. अमेरिकेंत सिंगर कंपनीनें १८५६ च्या सुमारास शिवणाचीं यंत्रें हप्त्यांनीं देण्यास आरंभ केला. मोटारी आल्यावर १९१९ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें गाड्यांसाठीं कर्ज देणारी स्वतंत्र संस्थाच काढली. इंग्लंडांत याला भाडेखरेदी असें रूप मिळालें. तेथें १८९५ सालीं एका पियानोचा खटला उमरावांच्या सभेपर्यंत गेला. पियानो हप्त्यांनीं घेणाऱ्या एका गृहस्थानें तो मध्येंच गहाण टाकला. न्यायनिर्णय असा झाला कीं, हा मनुष्य अद्याप खरेदीदार नव्हेच, तो नुसता भाडेकरी. सबब पियानो मूळ मालकाचा. या निर्णयानें विक्रेते निर्धास्त झाले. आणि पुढें कांहीं विक्रेते असे निघाले कीं, बहुतेक हप्ते वसूल झाल्यावर एखादा हप्ता चुकतांच वस्तु उचलून नेत आणि ती दुसऱ्यास विकीत. अखेर एलेन विल्किन्सन या पार्लमेंटच्या सभासद बाईंनीं पुढाकार घेतला आणि १९३८ सालीं कायदा झाला. वस्तूची रोख किंमत घेणारास स्पष्ट कळवावी, आणि एकतृतीयांश रक्कम फिटल्यावर न्यायालयाच्या हुकमावांचून वस्तु परत नेऊं नये, असे त्यांत नियम होते. मोटारींच्या बाबतींत मात्र हें संरक्षण ५० पौंडांपर्यंतच्या व्यवहारापुरतेंच होतें.

आपल्या देशांत मोटारींच्या हप्तेबंदीचा धंदा स्वातंत्र्यानंतर वाढला. मद्रासेस १९५४ सालीं सुंदरम् फायनान्स ही संस्था निघाली. १९७९ सालीं निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट या संस्थेनें जुन्या मालमोटारी घेणाऱ्या चालकांना कर्ज देण्याचा मार्ग धरला. ज्या चालकाला बँक दारांत उभी करीत नसे तो अशा कर्जामुळें गाडीचा मालक झाला, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. खाजगी मोटारींची तर त्या काळीं एवढी टंचाई कीं, नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि जुनी गाडीही चढ्या भावानें जाई. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली आणि हें चित्र हळूहळू पालटलें. कायद्याची कथा मात्र विलक्षण आहे. विधि आयोगानें १९६१ सालीं भाडेखरेदीवर अहवाल दिला, १९७२ सालीं संसदेनें भाडेखरेदीचा कायदा संमत केला. पण तो एक दिवसही अंमलांत आला नाहीं, आणि २००५ सालीं रद्द झाला. तेहतीस वर्षें जो कायदा नुसता पुस्तकांत राहिला, त्याच्या अभावीं हप्त्यांचा व्यवहार करारपत्राच्या बारीक अक्षरांवरच चालला.

आतां आजच्या दुकानांत येऊं. आपल्या भागांत अनेक वर्षें गडचिरोली जिल्ह्याला वडसा हेंच एक रेल्वेचें ठिकाण होतें. सिरोंचा किंवा भामरागड येथून जिल्ह्याच्या ठिकाणास जावयाचें तर शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर जंगलांतून काटावें लागतें. अशा मुलखांत चारचाकी गाडी ही चैन नसून पोटापाण्याचें साधन आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें प्रवासी नेण्याआणण्यासाठीं अशीच एक जुनी गाडी घेतली. दुकानदारानें ३ लाख रुपयांचें कर्ज मिळवून दिलें; दर शेकडा १२, मुदत ३ वर्षें, हप्ता ११,३३३ रुपये. बारा टक्के म्हणजे रास्तच, असें त्याला वाटलें.

पण हे बारा टक्के कशावर? संपूर्ण ३ लाखांवर, तिन्ही वर्षें. व्याज झालें १ लाख ८ हजार. वस्तुतः प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जातें. शेवटच्या वर्षीं तर त्याच्याकडे एक लाखाच्या आसपासच रक्कम शिल्लक असते, तरी व्याज ३ लाखांचें चालू राहतें. घटत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हा दर शेकडा २१ हून अधिक भरतो. त्यांतच कागदपत्रांचा खर्च व विम्याचे म्हणून १२ हजार आधींच कापून घेतले, म्हणजे हातीं पडले २ लाख ८८ हजार. आतां दर शेकडा २४ च्या वर गेला. घटत्या शिल्लकेवर खरोखर बारा टक्क्यांनीं हेंच कर्ज मिळतें तर हप्ता ९,९६४ रुपये पडता, आणि तीन वर्षांत सुमारें ४९ हजार रुपये वांचते. सवाईच्या व्यवहारांत काळ झांकला जाई. येथें घटणारें मुद्दल झांकलें गेलें. युक्ति एकच.

दुकानदार हें कां करितो? कर्ज देणारी संस्था त्याला दलाली देते हें एक कारण. आणि जुन्या गाडीची किंमत लवकर उतरत असल्यामुळें संस्थाही दर चढा ठेविते, हें दुसरें. गाडीचा भाव व कर्जाचा भाव एकाच तोंडून ऐकला कीं, एकांतील सवलत दुसऱ्यांत वसूल होते. म्हणून गाडीची रोख किंमत आधीं ठरवावी, ती कागदावर घ्यावी, आणि मग कर्जाची गोष्ट काढावी. तत्पूर्वीं आपल्या बँकेंत किंवा पतसंस्थेंत एकदां विचारून यावें.

सुदैवानें १८७९ च्या कायद्यांतील ते जुनें तत्त्व आज नव्या रूपानें परत आलें आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकान्वयें, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँकांनीं व वित्तसंस्थांनीं कर्ज घेणारास मुख्य अटींचें एक विवरणपत्र दिलें पाहिजे. तें त्याला समजणाऱ्या भाषेंत असावें. त्यांत सर्व शुल्कें व विमा धरून वर्षाचा एकूण दर द्यावा. आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जांत त्यावर विचार करण्यास निदान तीन कामाचे दिवस मिळावेत, असा नियम आहे. त्या पत्रांत नसलेलें शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवांचून पुढें लावतां येत नाहीं. तेव्हां 'महिन्याला किती?' याच्या जोडीला 'वर्षाचा एकूण दर किती, तें लिहून द्या' एवढें वाक्य उच्चारावें. दुकानदार 'आजच सही करा' म्हणून घाई करूं लागला तर त्या तीन दिवसांची आठवण त्याला नम्रपणें द्यावी.

आणखी एक गोष्ट. गाडीच्या पाटीवर ३३ असला तर ती गडचिरोलीची आणि ३४ असला तर चंद्रपूरची, हें पोरेंही सांगतील. पण ती कोणाकडे गहाण आहे हें पाटी सांगत नाहीं. तें नोंदणीपुस्तकांत पाहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमान्वयें अशी गहाणाची नोंद असेल, तर धनकोच्या लेखी संमतीवांचून गाडी नव्या मालकाच्या नांवें होत नाहीं. आधींच्या मालकाचें कर्ज फिटल्याचा दाखला हातीं आल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

ज्यांच्या गळ्यांत असा फांस पडलेलाच आहे त्यांनीं काय करावें? माझ्या विद्यार्थ्यास मीं प्रथम संस्थेकडून लेखी हिशेब मागविण्यास सांगितलें. बारा हप्ते म्हणजे १ लाख ३६ हजार रुपये भरून झाले होते. एकतृतीयांश मुदत संपली, म्हणून दोन लाखच उरले असतील अशी त्याची समजूत होती. हिशेबांत निघाले सुमारें २ लाख २० हजार, कारण आरंभींच्या हप्त्यांत व्याजाचा वांटा मोठा असतो. हेंच येणें घटत्या शिल्लकेवर बारा टक्क्यांनीं दुसऱ्या बँकेकडे नेलें तर हप्ता १०,३६३ रुपयांवर येतो आणि दोन वर्षांत सुमारें २३ हजार वांचतात. मुदतीपूर्वीं फेडीचें शुल्क शेकडा ४ लागलें तर ८,८०० रुपये जातात. तरीही साडेचौदा हजारांच्या आसपास पदरांत पडतात. शुल्क याहून बरेंच भारी असेल किंवा थोडेच हप्ते उरले असतील, तर बदल करण्यांत हांशील नाहीं. म्हणजे आधीं गणित, मग अर्ज. सगळें फिटल्यावर येणें नसल्याचा दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना घेऊन परिवहन कार्यालयांतील गहाणाची नोंद काढून टाकावी. ती राहिली तर फिटलेलें कर्जही पुढें आड येतें.

हप्ता थकला तर लपून बसूं नये. संस्थेस लेखी कळवून मुदत मागावी. थकलेल्या हप्त्याचा दंड व्याजांत मिसळून त्यावर पुन्हां व्याज घेऊं नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे. दांडगाई करणारीं माणसें धाडून गाडी हिसकावून नेणें गैर आहे, वसुली कायद्याच्या मार्गानेंच व्हावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं बजाविलें आहे. संस्थेकडे तक्रार करूनही तीस दिवसांत दाद लागली नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य अर्ज करतां येतो. ही एकात्मिक योजना २०२१ सालीं सुरू झाली.

सुप्याच्या शेतकऱ्यांना रोखा वाचतां येत नव्हता, म्हणून त्यांनीं तो जाळला. त्यांच्या त्या आगीनें हिशेब मागण्याचा हक्क कायद्यांत आणिला. आपल्या पिढीला वाचतां येतें आणि हक्कही मिळाला आहे. तो सहीच्या आधीं वापरावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.