रोव्हर्स करंडक आणि आपले हैदराबाद

आमच्या घरी हल्ली रात्री दीड वाजता टीव्ही लागतो. चिरंजीव पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची बाद फेरी सुरू झाली की त्यांचा दिवस-रात्रीचा हिशोब उलटा होतो. एकदा मीही झोपमोड झाल्यामुळे शेजारी जाऊन बसलो. जाहिरात लागली तेव्हा तो मला सांगू लागला, "बाबा, रेआल माद्रिदने ही स्पर्धा सलग पाच वेळा जिंकलीय. १९५६ ते १९६०. आजपर्यंत दुसऱ्या कोणाला जमलं नाही."

मी म्हटलं, "युरोपात जमलं नसेल. पण त्याच्या आधी आपल्या हैदराबादच्या पोलिसांनी मुंबईत जाऊन सलग पाच वेळा करंडक आणलाय."

त्याला ती थाप वाटली. त्याच्या मोबाइलवरच शोधून दाखवावे लागले. त्या रात्रीपासून हा विषय डोक्यात होता. मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटले, यंदा यावरच लिहू. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे आणि नोकरी सरकारी, तेव्हा चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

आधी युरोपाचे थोडक्यात. तिथे देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा १९५५ च्या मोसमात सुरू झाली. कल्पना गाब्रिएल आनो या फ्रेंच क्रीडापत्रकाराची. पहिला अंतिम सामना जून १९५६ मध्ये पॅरिसला झाला आणि माद्रिदने रांस या फ्रेंच क्लबला ४–३ असे हरवले. पाचवा करंडक १९६० साली ग्लासगोला मिळाला. त्या सामन्यात माद्रिदने फ्रँकफर्टवर सात गोल चढवले, त्यातले चार एकट्या पुष्काशचे आणि तीन दि स्टेफानोचे. बघायला सव्वा लाखावर माणसे होती. हे सगळे चिरंजीवांना तोंडपाठ आहे.

आता मुंबई. रोव्हर्स करंडक १८९१ साली सुरू झाला, म्हणजे युरोपातल्या त्या स्पर्धेच्या चौसष्ट वर्षे आधी. आपल्या देशात ड्युरँड करंडक त्याहून जुना, तो १८८८ साली सिमल्यात सुरू झाला. दोन्ही स्पर्धा गोऱ्या पलटणींच्या करमणुकीसाठी निघाल्या होत्या. पहिला रोव्हर्स करंडक वूस्टर रेजिमेंटने जिंकला आणि पुढची कित्येक वर्षे तो एका पलटणीकडून दुसरीकडे फिरत राहिला. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४–१ असे हरवले. एतद्देशीयांच्या हाती करंडक यायला १९३७ साल उजाडले. तो मान बंगळूरच्या 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाचा.

बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे काय हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पिढीला सांगायला हवे. लीगमध्ये आज हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. इथे तसे नाही. बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळवत, पण हरलात की बिस्तरा गुंडाळायचा. गोलकीपरच्या हातून एकदा चेंडू निसटला, एखाद्याचा पाय मुरगळला, मैदानात चिखल झाला, की वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून बाद स्पर्धा एकदा जिंकणाऱ्याला नशिबाची साथ होती असे म्हणता येते. सलग पाच वर्षे जिंकणाऱ्याला तसे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर फुटबॉल म्हणजे कलकत्ता असाच हिशोब होता. १९४९ साली ईस्ट बंगालने कलकत्त्याची लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स असे तिन्ही करंडक एकाच वर्षात उचलले. त्यांच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना तिकडे 'पंचपांडव' म्हणत. गंमत अशी की सालेह, धनराज, वेंकटेश, अप्पाराव आणि अहमद खान हे पाचही जण दक्षिणेतले. माणसे दक्षिणेची, पैसा आणि नाव कलकत्त्याचे, अशी रीत होती.

१९५० साली ही रीत हैदराबाद सिटी पोलिसांनी मोडली. त्या वर्षीचा रोव्हर्स त्यांनी घेतला. त्याच वर्षी स्वातंत्र्यानंतर प्रथमच भरलेल्या ड्युरँड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवून दिल्लीहूनही करंडक आणला. ड्युरँड मधल्या तीन वर्षांत दुसऱ्यांकडे गेला आणि १९५४ साली परत आला. रोव्हर्स मात्र १९५०, ५१, ५२, ५३, ५४ असा हलला नाही. पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर येणाऱ्या प्रत्येक संघाने यांना अडवून पाहिले आणि एकालाही ते साधले नाही.

आता 'आपले हैदराबाद' असे मी का म्हणतो, ते सांगतो. आज बासर तेलंगणात आहे. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता कागदोपत्री निर्मल जिल्ह्यात. (आम्ही अजून आदिलाबादच म्हणतो.) पण १९५० साली आपला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता आणि नांदेड हैदराबाद राज्यात. त्या राज्याचे सोळा जिल्हे. त्यांतले आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. म्हणजे औरंगाबादचा शिक्षक, नांदेडचा आडत्या, बासरचा शेतकरी आणि चारमिनारजवळचा टांगेवाला एकाच राज्याचे रहिवासी होते. सप्टेंबर १९४८ मधली पोलीस कारवाई होऊन दोनच वर्षे झाली होती. निजाम राजप्रमुख होते. बाजारात हाली शिक्का चालत होता. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव. मुंबईला जाणाऱ्या माणसाला प्रवासाआधी पैसे बदलून घ्यावे लागत, जसे आज परदेशी जाणाऱ्याला घ्यावे लागतात. कालपर्यंत ज्या राज्याशी भांडण होते, त्या राज्याच्या पोलिसांचा संघ, आणि त्यात बहुतेक खेळाडू मुसलमान, मुंबईत येऊन देशातले नामवंत संघ हरवत होता. त्या दिवसांत ही गोष्ट साधी नव्हती.

या संघामागे एक शाळामास्तर होते. सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ चा, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, पोटापाण्याचा धंदा हैदराबादच्या शाळांत शिकवण्याचा. सगळे त्यांना 'रहीम साब' म्हणत. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. बासरला मुलांना अक्षराभ्यासासाठी घेऊन येणारे पालक आपण रोज पाहतो. त्यामुळे मला या माणसाच्या शिकवण्याविषयी जास्त कुतूहल वाटते.

रहीम साबांनी शिकवण्यासाठी चक्क स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत पळायला, म्हणजे ड्रिबलिंगला, बंदी. चेंडू आला की दुसऱ्याला द्यायचाच. दुसऱ्या एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने मारायचे. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डावा पाय वापरायचा. लहान मुलांचे उंचीप्रमाणे गट पाडत, म्हणजे दांडगा मुलगा बारक्याला ढकलून मोठा होणार नाही. या गोष्टींना पैसा लागत नाही, पण शिस्त फार लागते, आणि पोलीस खात्यात ती आयती होती. पोलिसात भरती झालेल्या खेळाडूला पगार होता, मैदान होते आणि तीच माणसे वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. पाच वर्षांच्या यशाचे अर्धे रहस्य मला यात दिसते. उरलेले अर्धे रहीम साबांच्या नजरेत. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या एका गरीब घरातला तुळसीदास बलराम त्यांनी हेरला. सरावाला यायला जवळ पैसे नाहीत म्हटल्यावर सायकल भाड्याने घेण्यासाठी ते पैसे देत, असे बलराम पुढे सांगत असत.

माझ्या आजोबांनी हैदराबादचा फुटबॉल एकदाच पाहिला. जमिनीच्या दाव्यासाठी ते तिकडे गेले होते, तारीख पडली वकिलाच्या सोयीने पुढे, आणि वेळ काढायला नातेवाइकाबरोबर फतेह मैदानावर जाऊन बसले. फुटबॉल त्यांना कळत नव्हता. कोण जिंकले हेही लक्षात राहिले नाही. पण ते म्हणत, "ते पोलीसवाले पळतच नव्हते म्हणा ना. ह्यानं त्याला दिला, त्यानं ह्याला दिला. समोरचे बिचारे पळून पळून थकले." पुढे कितीतरी वर्षांनी रहीम साबांच्या बिनड्रिबलिंगच्या स्पर्धांविषयी वाचले तेव्हा मला आजोबा आठवले. कळत नसलेल्या माणसाने नेमके पाहिले होते.

मधला आघाडीचा खेळाडू थोडा मागे ठेवायचा, म्हणजे समोरच्या बचावपटूला कोणाला धरावे ते कळत नाही, अशी रचनाही रहीम साब वापरत. अशाच रचनेने हंगेरीने नोव्हेंबर १९५३ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच वेम्बली मैदानावर ६–३ असे हरवले आणि जगभर गाजावाजा झाला. आपल्याकडे सिनेमा निघेपर्यंत शाळामास्तरांचे नाव हैदराबादबाहेर किती जणांना ठाऊक होते? २०२४ साली अजय देवगणचा 'मैदान' आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या मंडळींना वाटले, हे पात्र कल्पनेतले असेल.

भारतीय संघाची सूत्रेही रहीम साबांकडे आली. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९५२ ला हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने १०–१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू तिथल्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, आजवरची ती सर्वांत मोठी मजल. हैदराबादचे नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन हेलसिंकीतही होते आणि मेलबर्नलाही. दहा गोल खाल्लेली माणसे चार वर्षांनी ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात उभी राहिली. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा, मूळ गोव्याचा.

१९५५ साली रोव्हर्स मोहन बागानने नेला आणि हैदराबादची साखळी तुटली. पुढच्या वर्षी त्याहून मोठी गोष्ट झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच संपले. भाषेप्रमाणे तीन वाटण्या झाल्या. नांदेडसह मराठवाडा मुंबई राज्यात गेला. किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून तिकडे गेले आणि आपला मुधोळ तालुका नांदेडमधून आदिलाबादला, म्हणजे आंध्र प्रदेशात आला. पण फुटबॉलच्या नकाशावर 'हैदराबाद' अजून जिवंत होते. राज्यांची संतोष करंडक स्पर्धा १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोनदा हैदराबादने जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ होता मुंबई.

नांदेडच्या माणसाची यात काय पंचाईत झाली असेल बघा. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच्या राज्याचे पोलीस मुंबईहून करंडक आणत होते. आता तोच माणूस कागदोपत्री मुंबईवाला, म्हणजे हरलेल्यांच्या बाजूचा. आणि बासरचा मराठी माणूस, ज्याची सोयरीक सगळी नांदेड-धर्माबादला, तो जिंकलेल्यांच्या बाजूला. त्या पाच करंडकांचा वारसदार कोण, हे म्हणूनच ठरले नाही. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात ते येत नाहीत, कारण संघ हैदराबादचा. पोलिसांचा संघ पुढे आंध्र पोलीस झाला. त्या नावाने १९६० आणि १९६३ चा रोव्हर्सही आला. मग २०१४ ला पुन्हा राज्य फुटले. मराठवाड्यात आपण १७ सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतो, रझाकारांच्या आठवणी काढतो, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या हैदराबाद राज्याची तेवढीच एक आठवण आपण ठेवली. सामायिक घर मोडले की भांडी वाटून घेतात, भिंतीवरचा फोटो कोणी नेत नाही, तसे या करंडकांचे झाले.

रहीम साबांनी १९६२ साली जाकार्तात पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. दक्षिण कोरियाला २–१ असे हरवले तेव्हा त्यांना कर्करोग जडलेला होता. जून १९६३ मध्ये ते गेले. चांगले खेळाडू कलकत्त्याला जायला आधीच सुरुवात झाली होती. बलरामही १९५७ ला ईस्ट बंगालकडे गेला. रोव्हर्स स्पर्धा २००० नंतर बंद पडली. सलग पाच वेळा ती जिंकण्याचा विक्रम शेवटपर्यंत कोणी मोडला नाही. कूपरेज मैदान मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मागे एका लग्नासाठी मुंबईला गेलो होतो तेव्हा फाटकाबाहेर उभा राहून बघून आलो. आत पोरे खेळत होती.

हे सगळे चिरंजीवांना सांगून झाल्यावर त्याने विचारले, "मग त्या हैदराबाद-मुंबईच्या फायनलला पणजोबा कोणाच्या बाजूने होते?"

मी लहानपणी आजोबांना जवळजवळ हेच विचारले होते. ते म्हणाले होते, "त्या साली आम्हाला बाजू कुठली रे? तहसिलीचं दफ्तर नांदेडहून आदिलाबादला चाललं होतं. आपल्या शेताचा कागद कोणत्या गठ्ठ्यात गेला, ते शोधण्यात आमचं वर्ष गेलं."