खेळाडू कुठला, संघ कुणाचा?

श्रीरामपूरला जन्मलेला झहीर खान रणजी करंडकात आधी बडोद्याकडून खेळला, नंतर मुंबईकडून. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईचा कर्णधार झाला. क्रिकेटच्या नकाशात अहिल्यानगर जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे मोडतो. पण हे दोघेही त्या संघाचे झाले नाहीत. यात अन्याय झाला असेल, तर तो कुणावर?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये 1873 साली ठरले, की एका हंगामात एकाच परगण्याकडून खेळायचे. जन्माचा किंवा दोन वर्षे वास्तव्याचा परगणा खेळाडूने हंगामाआधीच निवडायचा. मुंबईत मात्र कसोटी धर्माची होती. 1907 साली तिरंगी झालेले सामने 1912 साली चौरंगी झाले: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. विजय हजारे यांच्यासारख्या भारतीय ख्रिस्ती खेळाडूला जागा मिळाली ती 1937 साली ‘इतर’ हा पाचवा संघ आल्यावर. याच संघाकडून त्यांनी 1943 साली हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने काढल्या. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हिंदू संघात होते. गोलंदाजी चालली, कर्णधारपद मिळाले नाही. ते 1923 साली त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. म्हणजे पात्रता मिळाली तरी मान मिळतोच असे नाही.

1934 साली सुरू झालेल्या रणजी करंडकाने धर्माऐवजी प्रदेश हा निकष धरला. पण प्रदेशाच्या आडून संस्थानी नोकरी आली. हजारे यांनी 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पुढे त्यांना बडोद्याच्या महाराजांचा आश्रय मिळाला आणि ते बडोद्याचेच झाले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासह 577 धावांची भागी केली. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असे दोनदा विजेते ठरलेल्या महाराष्ट्राला त्यानंतर हा करंडक मिळालेला नाही. त्याला कारणे अनेक असतील. पण हजारे यांच्यासारखा फलंदाज जाणे कोणत्याही संघाला परवडणारे नव्हते.

तरीही हजारे यांना अडवायला हवे होते, असे मला वाटत नाही. खेळ हौशी म्हणवत होता. खेळाडूची चूल नोकरीवर पेटत होती. फक्त जन्मगाव धरले, तर खेड्यातल्या मुलाला मैदान नसल्याची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागेल. काहीच बंधन नसेल, तर श्रीमंत संघ दर हंगामाला दुबळ्यांची फळी उचलून नेतील. म्हणून नियम हंगामाआधी ठरलेला, सर्वांना सारखा आणि वास्तव्याशी बांधलेला हवा. आज संघ बदलताना जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ज्या संघटनेने मुलाला संधी दिली नाही, तिने त्याची वाटही अडवू नये.

अन्यायाचा हिशेब करताना संघाने काय गमावले, हे आपण आधी मोजतो. पण ज्यांना श्रीरामपूरहून बाहेर पडताच आले नाही, त्यांची नावे कोणत्याही धावफलकावर नाहीत.