व्हेन्जन्स विमान : एका गुणदोषाची चिकित्सा

एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत परस्परविरुद्ध पाठ आढळले, म्हणजे शोधक त्यांपैकीं एक तडकाफडकीं त्याज्य ठरवीत नाहीं. प्रत्येक पाठ कोठें व कोणत्या कारणानें उत्पन्न झाला हें तो प्रथम पाहतो. दुसऱ्या महायुद्धांतील व्हल्टी व्हेन्जन्स या बाँबफेकी विमानासही हाच न्याय लावावा, असें आम्हांस वाटतें.

हें विमान मूळ फ्रान्ससाठीं योजिलें होतें. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सचा पाडाव झाला व ब्रिटननें मागणी नोंदविली. टेनेसींतील नॅशव्हिल येथें व्हल्टी कंपनीनें आणि कॅलिफोर्नियांतील हॉथॉर्न येथें नॉर्थ्रॉप कंपनीनें तीं बांधिलीं. विमान दोन माणसांचें, यंत्र सुमारें १६०० अश्वशक्तीचें. पंख धडास शून्य अंशाच्या कोनानें जोडलेले असल्यामुळें तें जवळजवळ उभा सूर मारी व बाँब नेमका पडे. परंतु त्याच रचनेमुळें सरळ उड्डाणांत नाक वर राही व वैमानिकास पुढील दृश्य नीट दिसत नसे. गुण व दोष यांचें मूळ एकच होतें.

१९४० त इंग्लंडवर चालून आलेल्या जर्मन सूरमाऱ्या विमानांचा लढाऊ विमानांनीं फडशा पाडला, तेव्हांपासून या जातीवरील विश्वास उडाला. अमेरिकेनें आपलीं व्हेन्जन्स विमानें लढाईस न धाडतां शिक्षणासाठीं व नेमबाजीच्या सरावाचें लक्ष्य ओढण्यासाठीं वापरलीं.

ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर मात्र निराळें घडलें. तेथें ब्रिटिशांचीं ४५, ८२, ८४ व ११० या क्रमांकांचीं आणि भारतीय हवाई दलाचीं ७ व ८ या क्रमांकांचीं पथकें हीं विमानें घेऊन लढलीं; ८ वें पथक आराकानांत, तर ७ वें १९४४ त इंफाळच्या रणांत. जंगलांतील मोर्चे, पूल व कोठारें अशा लहान लक्ष्यांवर उभा सूर उपयोगी पडला. त्याच वर्षीं तीं मागें घेण्यांत आलीं. ब्रिटिश पथकांस मॉस्किटो, ७ व्यास हरिकेन व ८ व्यास स्पिटफायर मिळालीं.

तात्पर्य, ‘निरुपयोगी’ हा शेरा विमानाचा नसून स्थलकालाचा आहे. कारखान्याच्या नोंदींवरून तो दुरुस्त होणार नाहीं. त्यास वैमानिकांच्या उड्डाणवह्याच पाहिजेत. त्या लिहिणारी पिढी आतां सरली आहे. कोणाच्या घरीं अशी वही आढळल्यास आमच्या संग्राहक बंधूंनीं ती जुन्या दप्तराइतक्याच आस्थेनें राखावी.