धावपटूंची गुडघेदुखी : निदान व उपचारविचाराचा इतिहास

पायऱ्या उतरताना, उतारावर धावताना किंवा बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीमागे अथवा वाटीभोवती होणारी वेदना ही धावपटूंची सर्वपरिचित तक्रार आहे. कॅनडातील व्हँकुव्हर येथील क्रीडावैद्यक केंद्रात आलेल्या २००२ जखमी धावपटूंची पाहणी २००२ सालीच प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३३१ जणांना हीच वेदना होती. अन्य कोणतीही इजा इतक्या जणांत आढळली नाही. वेदना जुनीच आहे. परंतु तिचे मूळ कोठे शोधावे याविषयीचे वैद्यकाचे मत गेल्या शतकभरात वारंवार बदलले आणि मताबरोबर उपचारही बदलत गेले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला आहे.

आरंभीचा संशय कूर्चेवर होता. १९०६ साली कॉनराड ब्यूडिंगर या शल्यविशारदाने वाटीच्या मागील कूर्चेला पडणाऱ्या भेगांचे वर्णन केले. पुढे या विकाराला ‘कॉन्ड्रोमलेशिया’, म्हणजे कूर्चा मऊ पडणे, असे नाव मिळाले. १९६१ मध्ये आउटरब्रिज यांनी कूर्चेच्या झिजेच्या चार श्रेणी ठरवून दिल्या. कूर्चा खराब म्हणून गुडघा दुखतो, तेव्हा ती खरवडून साफ करावी, असा हा सरळ हिशेब होता. वास्तविक हे नाव शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या अवस्थेचे होते, वेदनेचे नव्हते. तरीही वाटीमागे दुखते म्हणणाऱ्या तरुण रुग्णाच्या कागदावर ते सर्रास लिहिले जाऊ लागले. ‘तुमची कूर्चा मऊ पडली आहे’ असे ऐकल्यानंतर कोण पुन्हा धावायला जाईल?

याच सुमारास अमेरिकेत धावणे हा सामान्यांचा छंद झाला. बिल बॉवरमन यांचे ‘जॉगिंग’ हे पुस्तक १९६७ साली आले, केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ १९६८ साली, आणि १९७२ मध्ये फ्रँक शॉर्टर यांनी म्युनिक येथे मॅरेथॉनचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. हजारो नवे धावपटू गुडघे घेऊन वैद्यांकडे येऊ लागले. हृदयरोगतज्ज्ञ आणि स्वतः धावपटू असलेले जॉर्ज शीहन यांनी गुडघ्याचे कारण पावलात शोधा असे आग्रहाने मांडले. बुटातील आधारपट्ट्यांचा आणि पुढे पावलाच्या कमानीनुसार बूट निवडण्याचा प्रघात याच विचारसरणीतला. तो अद्यापही दुकानांतून टिकून आहे. मात्र अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणार्थींना कमानीनुसार बूट देऊन २००९ च्या सुमारास केलेल्या चाचण्यांत इजांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही.

१९७८ साली ओरेगॉनमधील अस्थिशल्यविशारद स्टॅन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० धावपटूंच्या इजांचा आढावा प्रसिद्ध केला. गुडघेदुखी त्यात अग्रस्थानी होती. परंतु निम्म्याहून अधिक इजांचे कारण त्यांना सरावातील चुकांत आढळले : एकाएकी वाढवलेले अंतर, अति वेग, चढउतार. या निष्कर्षात ना नवे उपकरण होते ना नवी शस्त्रक्रिया. म्हणूनच कदाचित तो वाचला गेला, पण व्यवहारात मागे पडला.

सहा वर्षांनी याच जेम्स यांचे नाव वेगळ्या कारणाने गाजले. जोन बेनॉइट यांचा गुडघा १९८४ च्या मार्चमध्ये अडकू लागला. २५ एप्रिलला जेम्स यांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली. अवघ्या १७ दिवसांनी बेनॉइट अमेरिकेची निवड-मॅरेथॉन जिंकल्या आणि ५ ऑगस्टला लॉस एंजलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकल्या. ही कथा मोहक आहे. पण त्या गुडघ्यात काढून टाकण्याजोगी पट्टी खरोखर होती, हे विसरता कामा नये. वाटीमागच्या जुनाट वेदनेचे ५६ रुग्ण घेऊन फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीत (२००७) व्यायामाला दुर्बीण-शस्त्रक्रियेची जोड दिल्याने काहीही अधिक साधले नाही.

कूर्चेविषयीच्या समजाला सर्वांत विलक्षण धक्का दिला तो स्कॉट डाय यांनी. कूर्चेत वेदनातंतू नसतात हे शरीररचनाशास्त्राला ठाऊकच होते. या अमेरिकी अस्थिशल्यविशारदांनी मात्र सांध्याच्या आत भूल न घेता स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली. आतील एकेक भाग सळईने दाबला जात असताना काय जाणवते ते त्यांनी सांगितले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वाटीची कूर्चा दाबल्यावर वेदना झाली नाही. सांध्याचे अस्तर आणि वाटीखालील मेदाची गादी मात्र असह्य दुखली. एकाच माणसावरचा हा प्रयोग होता हे खरे, पण खरवडण्याचा आधार त्याने निश्चितच डळमळीत केला. सांध्याला पेलण्याची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की ऊतींचा समतोल बिघडतो, असे डाय यांचे प्रतिपादन होते.

दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ मध्ये वाटीला चिकटपट्टी लावून मांडीचे स्नायू बळकट करण्याची पद्धत मांडली. २००३ नंतर लक्ष खुब्याच्या स्नायूंकडे वळले. आज खुबा आणि गुडघा या दोहोंच्या व्यायामाची शिफारस तज्ज्ञ एकमताने करतात.

प्रतिबंधाचा इतिहास तुलनेने तोकडा आहे. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये हा नियम धावपटूंना पाठ असतो. नेदरलँड्समधील खोनिंगन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला (२००८). सावकाश वाढ करणारे आणि नेहमीप्रमाणे वाढ करणारे, दोन्ही गटांत सुमारे पाचांपैकी एक जण जखमी झाला. तेव्हा भार महत्त्वाचा असला तरी त्याचे एकच माप सर्वांना लागू पडेल असे दिसत नाही.

क्वेबेकमध्ये ६९ धावपटूंवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला केवळ भार कसा सांभाळावा हे शिकवले, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याची धावण्याची ढब बदलली. तिन्ही गट सारखेच सुधारले. शिकवण अशी होती : अंतर आणि वेग तात्पुरता कमी करावा, उतार टाळावा, थोडे थोडे पण अधिक दिवस धावावे, धावताना वेदना दहापैकी दोनच्या वर जाऊ देऊ नये आणि थांबल्यावर तासाभरात ती पूर्वपदावर यावी.