१४ विजय, १४ पराभव : मॉरिस स्मिथ आणि त्याचे दोन सोबती

मॉरिस स्मिथचा एमएमएमधला, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधला, एकूण हिशेब १४ विजय आणि १४ पराभव असा आहे. आकडेवारीचं पान उघडून बसलेला माणूस हा हिशेब पाहून पुढे सरकतो, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही. पण आमचं म्हणणं असं आहे की आज या खेळाच्या कुठल्याही जिममध्ये नवशिक्याला पहिल्या सहा महिन्यांत जे शिकवलं जातं, त्याला आकार देण्यात स्मिथचा आणि त्याच्या दोन सोबत्यांचा वाटा फार मोठा आहे. हे सोबती म्हणजे अमेरिकेचा फ्रँक शॅमरॉक आणि जपानचा त्सुयोशी कोसाका. ‘अलायन्स’ नावाने हे तिघं एकत्र सराव करत. काळ साधारण १९९७ ते १९९९. आजचं व्याख्यान या तिघांवर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. यूएफसीची पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३मध्ये डेन्व्हरला झाली आणि ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने ती जिंकली. ठोसे-लाथा मारणारा कितीही जबर असो, त्याला जमिनीवर नेलं की तो असहाय होतो, हा त्या स्पर्धेचा धडा. दुसरा धडा १९९६मध्ये मार्क कोलमनने दिला. कोलमन अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीतला विजेता, १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये खेळलेला. त्याची पद्धत सरळ होती: पट काढायचा, समोरच्याला खाली पाडायचं आणि वर बसून ठोसे आणि डोक्याच्या धडका द्यायच्या. हो, तेव्हा धडक नियमात बसत होती! १९९६मध्ये त्याने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या आणि फेब्रुवारी १९९७मध्ये यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. किकबॉक्सिंगवाल्यांचे दिवस संपले, असं जवळजवळ सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

स्मिथ याच संपलेल्या जमातीतला. सिएटलचा राहणारा, १९८०च्या दशकातला किकबॉक्सिंगचा जागतिक विजेता. जपानमध्ये पॅनक्रेस या संस्थेच्या लढतींत कुस्ती जाणणाऱ्यांनी त्याला खाली नेऊन, हातपाय अडकवून हार मानायला लावली होती. या पराभवांतून त्याने काय घेतलं, ते पाहण्यासारखं आहे. कुस्तीगिरांना कुस्तीत हरवायचा नाद त्याने धरला नाही. खाली पडल्यावर काय करायचं आणि परत उभं कसं राहायचं, एवढंच तो शिकला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊया, कारण आपल्या डोक्यात कुस्तीचे नियम पक्के बसलेले असतात. आपल्याकडे पाठ मातीला लागली की पैलवान चीत, लढत निकाली. एमएमएमध्ये पाठ टेकली म्हणजे हार होत नाही. खाली असलेला खेळाडू आपले पाय वरच्याच्या कमरेभोवती घालून त्याला धरून ठेवू शकतो. याला गार्ड म्हणतात. ब्राझीलवाल्यांनी गार्ड वापरला तो मुख्यतः तिथून हात किंवा मान पकडून जिंकण्यासाठी. स्मिथने त्याचा वेगळा उपयोग केला. वरच्याचे हात बांधून ठेवायचे, त्याला मारायला जागा द्यायची नाही, खालूनच कोपरांनी त्याचं डोकं शेकायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला दमवायचं.

२७ जुलै १९९७, अलाबामातलं बर्मिंगहॅम, यूएफसी १४. स्मिथविरुद्ध कोलमन. पंधरा मिनिटांची मुख्य लढत, आणि निकाल लागला नाही तर तीन-तीन मिनिटांच्या दोन जादा फेऱ्या. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणेच घडलं. कोलमनने स्मिथला पाडलं, वरून मारलं. पण स्मिथ टिकला, निसटला, पुन्हा पडला, पुन्हा निसटला. हळूहळू कोलमनचे हात खाली येऊ लागले, तोंड उघडं पडलं. मग स्मिथ उभा राहून त्याच्या मांडीवर लाथा घालू लागला. पाय जड झालेल्या माणसाला पट काढता येत नाही. २१ मिनिटं पूर्ण झाली आणि पंचांनी एकमताने स्मिथला विजयी ठरवलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: कोलमनचा दम संपला, त्यात स्मिथची काय कर्तबगारी? आम्हाला हा आक्षेप पटत नाही. कोलमनला दमवणं हाच तर त्याचा बेत होता. ३५ वर्षांचा, कुस्तीत कच्चा असलेला माणूस २१ मिनिटं पुरेल एवढा दमसास कमावून येतो आणि आपल्या कमजोरीच्या जागी बसून समोरच्याची ताकद खर्च करवतो, याला योगायोग म्हणायचं कसं? आज ‘स्प्रॉल’ (पट काढायला आलेल्यावर पाय मागे फेकून वजन टाकणं), खालून उठणं आणि पाच फेऱ्यांचा दम या गोष्टी गृहीत धरल्या जातात. गृहीत धरल्यामुळेच त्या कुणी मैदानात आणल्या, हे विचारायचं राहून जातं. मिश्रण सर्वात आधी यांनीच केलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ब्राझीलचा मार्को रुआस १९९५मध्ये यूएफसी ७ जिंकला तेव्हा त्यालाही दोन्ही अंगं येत होती. पण ते एका माणसाचं कसब होतं. अलायन्समध्ये त्याची शिकवण्याजोगी पद्धत झाली: स्मिथने ठोसे-लाथा शिकवायच्या, शॅमरॉकने पकडी, आणि जूदोतून आलेल्या कोसाकाने खालून उलटवण्याचे डाव. कोलमनच्या लढतीची तयारी स्मिथने शॅमरॉकबरोबरच केली होती.

२१ डिसेंबर १९९७च्या रात्री योकोहामात स्मिथने पट्टा गमावला, रँडी कुटूरविरुद्ध, पंचांच्या निर्णयावर. कुटूरचं नाव पुढे मोठं झालं. त्याच रात्री फ्रँक शॅमरॉकने २०० पौंडांखालच्या गटाची लढत १६ सेकंदांत संपवली, तीही १९९२च्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या केव्हिन जॅक्सनचा हात आर्मबारमध्ये ताणून. त्यानंतर त्याने चार वेळा पट्टा राखला.

यातली शेवटची लढत आपण थोडी थांबून पाहू. २४ सप्टेंबर १९९९, लुइझियानातलं लेक चार्ल्स, समोर टिटो ऑर्टिझ. तरुण, अंगापिंडाने भारी, कुस्तीत मुरलेला. बहुतेक वेळ ऑर्टिझ वर आणि शॅमरॉक खाली. कागदावर गुण मांडत बसलं तर ऑर्टिझ पुढे होता. पण खालचा माणूस स्वस्थ नव्हता. तो सतत हलत होता, मारत होता, उठत होता, ऑर्टिझला श्वास घेऊ देत नव्हता. म्हणजे बर्मिंगहॅमचाच धडा, पण आता तो अशा माणसाच्या हाती होता ज्याला उभ्याने मारणं, पकडी आणि दम ही तिन्ही अंगं येत होती. चौथी फेरी संपायला काही सेकंद उरले असताना शॅमरॉक सुटला, वर आला आणि ठोशांचा मारा सुरू केला. ऑर्टिझने हात आपटून हार मानली. आमच्या मते आजच्या एमएमएची पहिली पूर्ण लढत ही. त्यानंतर शॅमरॉकने पट्टा सोडला आणि यूएफसीत तो पुन्हा कधीच लढला नाही.

मग हे सगळं विसरलं कसं गेलं? एक कारण अगदी साधं आहे, लोकांनी ते पाहिलंच नाही. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाविरुद्ध मोहीम चालवली होती, अनेक राज्यांनी बंदी घातली, आणि १९९७मध्ये मोठ्या केबल कंपन्यांनी प्रक्षेपण बंद केलं. स्मिथ आणि शॅमरॉक यांचा बहराचा काळ नेमका या अंधारात गेला. जानेवारी २००१मध्ये यूएफसी २० लाख डॉलरला विकली गेली, नव्या मालकांनी नव्याने प्रचार सुरू केला, आणि साहजिकच तो आपल्या काळातल्या खेळाडूंचा केला. त्याच वर्षी वजनगटांची नावं बदलली. शॅमरॉकचा पट्टा ‘मिडलवेट’चा होता, तो यादीत ‘लाइट हेवीवेट’ झाला. म्हणजे त्याच्या हयातीतल्या लढतींवर त्याने कधी न ऐकलेलं नाव चिकटलं.

खरी अडचण आम्हाला वेगळीच वाटते. क्रिकेटचा इतिहास मंडळं, वृत्तपत्रं, गावोगावचे म्हातारे असे सगळेच सांभाळतात. इथे चित्रफिती, सन्मानयादी आणि ‘महान’ हा शब्द, तिन्ही लढती विकणाऱ्या कंपनीच्या हातात आहेत. सन्मानयादी २००३मध्ये सुरू झाली. स्मिथला तिच्यात जागा मिळाली २०१७ साली, कोलमनला हरवल्यानंतर वीस वर्षांनी. शॅमरॉकचा तर कंपनीशी जाहीर बेबनाव. मार्च २००६मध्ये तो दुसऱ्याच संस्थेकडून, स्ट्राइकफोर्सकडून, सॅन होजेत उतरला. कॅलिफोर्नियातली ही पहिली अधिकृत परवानगीची स्पर्धा. १८,२६५ माणसं आली आणि त्याने सीझर ग्रेसीला २१ सेकंदांत लोळवलं. एवढी गर्दी ज्याच्या नावावर जमते तो विसरलेला कसा, असं कुणी विचारेल. गर्दीला तो आठवत होता. अधिकृत आठवणींत मात्र त्याचा कोपरा लहानच राहिला.

राहिला कोसाका. त्याची आठवण निघते ती एका विचित्र कारणाने. २२ डिसेंबर २००० रोजी ओसाकात रिंग्ज या संस्थेच्या स्पर्धेत १७व्या सेकंदाला फेडोर एमेलियानेन्कोच्या डोक्याला कोपर लागून जखम झाली. कोपर मारणं तिथे नियमाबाहेर होतं, पण स्पर्धेत पुढच्या फेरीत कुणाला तरी पाठवणं भाग होतं, आणि फेडोर खेळू शकत नव्हता. विजय कोसाकाला मिळाला. पुढे जवळजवळ साडेनऊ वर्षं फेडोरच्या नावावर तेवढा एकच पराभव होता. २००५मध्ये दोघं पुन्हा भेटले आणि फेडोरने सरळ जिंकलं. गंमत अशी की ज्याने खालून उलटवायचे डाव इतरांना शिकवले, त्याचं नाव लोकांना माहीत आहे ते एका चुकीच्या कोपरामुळे. एप्रिल २०२२मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, तो जपानमध्ये शेवटची लढत लढला. समोर कराटेतला तरुण मिकिओ उएदा होता. कोसाकाने त्याला पहिल्याच फेरीत ठोशाने पाडलं आणि हातमोजे उतरवले.