नकोसे विचार (मंत्रचळ)

इच्छा नसताना मनात घुसणारे आणि हटवू पाहिले तर अधिकच चिकटणारे विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना ‘माझ्या हातून याला काही झालं तर?’ असे आईच्या मनात येते आणि ती हादरते. देवापुढे हात जोडताना एखाद्याला शिवी आठवते. असे विचार निरोगी माणसांनाही सर्रास येतात, हे मानसशास्त्रज्ञ रॅकमन व डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. त्रास वाढतो तो त्यांना दिलेल्या अर्थामुळे. ‘म्हणजे मी वाईट आहे’ असे वाटले की आई विळी लपवते, बाळाला सासूकडे सोपवते, ‘मी असं करणार नाही ना?’ म्हणून घरच्यांना पुन्हापुन्हा विचारते. घटकाभर हायसे वाटते, पण त्यातूनच मंत्रचळाचे चक्र पक्के होते. ज्या विचाराने माणूस शहारतो ती त्याची इच्छा नसते, हे रुग्णाला कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवे. अनेक जण लाजेपोटी वर्षानुवर्षे गप्प राहतात.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांच्या १९६६ मधील कामातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीत भीती टप्प्याटप्प्याने सामोरी आणली जाते आणि ती शमवण्यासाठी पुन्हापुन्हा केली जाणारी ठरावीक कृती रोखली जाते. सेरोटोनिनवर काम करणारी औषधेही उपयोगी पडतात; गुण यायला काही आठवडे लागतात. बाळंतपणानंतर भास होऊ लागले किंवा कोणालाही जीव द्यावासा वाटू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा (१४४१६) मोफत असून तिच्यावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.